कचेरीची नांवनिशी

सकाळीं दहाच्या सुमारास एखाद्या मोठ्या कंपनीचा कारकून आपल्या मेजाशीं येऊन बसतो, संगणकावर आपलें नांव व पासवर्ड टाइप करतो आणि क्षणार्धांत त्याच्यापुढें त्याचें काम उघडतें. त्याच्या खात्याच्या फायली त्याला दिसतात. पगारपत्रकांची फाइल मात्र उघडत नाहीं, कारण तसा अधिकार त्याला दिलेला नाहीं. दुपारीं तोच कारकून दुसऱ्या मजल्यावरच्या संगणकापुढें बसला, तरी तेथेंहि त्याची ओळख पटते. हा सारा व्यवहार इतका बिनबोभाट चालतो कीं, मध्यें कोणी ओळख पटविणारा उभा आहे, याची त्याला जाणीवहि नसते.

ओळख पटविणाऱ्या या व्यवस्थेला त्या धंद्यांत डिरेक्टरी सर्व्हिस असें म्हणतात. मराठींत तिला कचेरीची नांवनिशी म्हणावयास हरकत नाहीं. कंपनींतील माणसें, संगणक, प्रिंटर आणि माणसांचे गट या सर्वांची तींत नोंद असते. परंतु ती केवळ यादी नव्हे. कोण कोण आहे, हें ती सांगतेच. पण कोणावर किती विश्वास टाकावयाचा, हेंहि तीच ठरविते. म्हणून ही वही एका जागेवरून दुसऱ्या जागीं हलवावयाची झाली, म्हणजे तें काम वरून दिसतें त्याहून फार अवघड होतें.

प्रारंभीं प्रत्येक संगणक आपली वेगळी यादी ठेवीत असे. दहा संगणक म्हणजे दहा याद्या आणि दहा पासवर्ड! हा घोळ टाळण्यासाठीं एकच सामायिक वही असावी, ही कल्पना पुढें आली. १९८८ सालीं एक्स.५०० नांवाचें आंतरराष्ट्रीय मानक ठरलें. पण तें फार अवजड होतें. म्हणून अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत त्याची एक सुटसुटीत पद्धति तयार झाली. १९९३ मध्यें मानकाच्या रूपानें प्रसिद्ध झालेली ही एलडॅप पद्धति आजहि वापरांत आहे. त्याच वर्षीं मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एनटी ही प्रणाली निघाली. तींत एका मुख्य सर्व्हरजवळ मूळ वही असे, आणि इतर सर्व्हरांजवळ केवळ वाचावयाच्या प्रती असत. सुमारें ४० मेगाबाइट ही त्या वहीची व्यवहार्य मर्यादा मानीत. मोठ्या कंपन्यांना ती अपुरी पडूं लागली. पुढें फेब्रुवारी २००० मध्यें विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि असंख्य कचेऱ्यांना आपली नांवनिशी जुन्या घरांतून नव्या घरांत न्यावी लागली.

येथें अनुभव नसलेल्या माणसाची समजूत अशी होते कीं, जुन्या वहींतील नांवें नव्या वहींत उतरून घेतलीं कीं काम झालें. ही समजूत चुकीची कां, हें शाळेच्या जनरल रजिस्टरावरून चांगलें समजतें. एका वर्गांत दोन गणपत शिंदे असूं शकतात. हाक मारतांना मास्तरांचा घोटाळा होईल. रजिस्टराचा होत नाहीं, कारण प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक निराळा असतो आणि मुलगा शाळा सोडून गेला तरी तो क्रमांक दुसऱ्यास दिला जात नाहीं. मायक्रोसॉफ्टच्या नांवनिशींतहि प्रत्येक नोंदीला असाच एक क्रमांक असतो. त्याला एसआयडी म्हणतात. फाइलीच्या दारावर ‘गणपत शिंदे यास आंत सोडावें’ असें लिहिलेलें नसतें; ‘अमुक क्रमांकास आंत सोडावें’ असें लिहिलेलें असतें. नांव माणसाच्या सोयीसाठीं आहे. यंत्र ओळखतें तें क्रमांकाला.

याचा परिणाम विलक्षण होतो. एखाद्याचें खातें चुकून खोडलें गेलें आणि घाईघाईनें त्याच नांवाचें, त्याच हुद्द्याचें नवें खातें उघडलें, तर तो माणूस स्वतःच्याच फायलींना परका होतो. नांव तेंच, माणूस तोच. पण क्रमांक नवा, म्हणून दार बंद. एका माणसाच्या बाबतींत हें निभावून नेतां येतें. परंतु दहा हजार माणसांची वही केवळ नांवें उतरून हलविली, तर सोमवारीं सकाळीं दहा हजार परकी माणसें आपापल्या बंद दारांपुढें उभीं राहतील.

यावर उपाय निघाला तोहि शाळेच्या धर्तीचाच आहे. मुलगा नव्या शाळेंत गेला, म्हणजे त्याला नवा क्रमांक मिळतो. पण दाखल्यावरून त्याचा पूर्वीचा क्रमांकहि समजतो. तसेंच नव्या वहींतील नोंदींत जुना क्रमांक शेऱ्यादाखल लिहून ठेवतां येतो. या शेऱ्याला एसआयडी हिस्टरी हें नांव आहे. दारावरचा पहारेकरी नवा क्रमांक ओळखत नसला, तरी शेऱ्यांतील जुना क्रमांक पाहून वाट देतो. मात्र हा शेरा म्हणजे तात्पुरती सोय होय. तेथें अधिकाऱ्याचा क्रमांक कोणी कपटानें घुसडला, तर साधा कारकून सर्वाधिकारी होऊन बसेल! म्हणून जाणता व्यवस्थापक स्थलांतरानंतर सर्व दारांवरचे क्रमांक बदलून घेतो आणि मग शेरे पुसून टाकतो. घाईच्या कचेरींत हें शेवटचें काम नेमकें राहून जातें.

स्थलांतराचा क्रमहि ठरलेला असतो. जुनें घर पाडून त्या जागीं नवें बांधीत नाहींत. जुन्याच्या शेजारीं नवें उभारतात आणि दोघांमध्यें विश्वासाचा करार करतात. मग आधीं गट, नंतर माणसें, त्यानंतर त्यांचे संगणक आणि शेवटीं सर्व्हर असा हा प्रवास होतो. प्रथम पांच-पंचवीस माणसांवर प्रयोग करून पाहतात. या साऱ्यापूर्वीं झाडाझडती करावी लागते. नोकरी सोडून गेलेल्यांचीं नांवें, कोणी कां निर्माण केले हें कोणास आठवत नाहीं असे गट, हें सारें निवडून काढावें लागतें. नाहीं तर जुनी अडगळ नव्या घरांत तशीच येते.

सर्वांत दगा देतात तीं माणसांचीं खातीं नव्हेत. रात्रीं दोन वाजतां राखीव प्रत घेणारा किंवा महिनाअखेरीस बिलें छापणारा प्रोग्राम, हेहि एखाद्या नांवानें आंत शिरत असतात. अशा नांवामागें माणूस नसल्यामुळें तक्रार करावयास कोणी येत नाहीं. स्थलांतर यशस्वी झालें म्हणून पेढे वाटले जातात आणि बिलें छापलीं गेलीं नाहींत, हें महिनाअखेरीस उघडकीस येतें.

घड्याळासारखी क्षुल्लक वस्तुहि येथें महत्त्वाची ठरते. ॲक्टिव्ह डिरेक्टरींत ओळख पटविण्याची जी पद्धति आहे, तिचें नांव कर्बेरॉस. अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत ती निर्माण झाली आणि ग्रीक पुराणांतील पाताळाच्या दारावरच्या तीन तोंडांच्या कुत्र्यावरून तिला हें नांव पडलें. ती मुदतीचें तिकीट देते, म्हणून सर्व घड्याळें जुळणें अवश्य असतें. घड्याळ पांच मिनिटांहून अधिक चुकलें, तर पासवर्ड बरोबर असूनहि प्रवेश नाकारला जातो. कारकून पासवर्ड पुन्हां पुन्हां टाइप करीत राहतो. दोष त्याच्या बोटांत नसून घड्याळांत असतो.

नव्या पद्धतींत एकाच मुख्य वहीवरचें अवलंबन बव्हंशीं गेलें. कांहीं थोडीं कामें एकेका सर्व्हरकडे राखून ठेवलेलीं असतात. एरवीं कोणत्याहि मुख्य सर्व्हरवर नोंद केली तरी ती इतरांकडे आपोआप पोंचते. एक सर्व्हर बंद पडला तरी काम अडत नाहीं. ही सोय मोठीच. पण तिच्या पोटांत एक धोका दडला आहे, आणि तो २७ जून २०१७ रोजीं जगाच्या निदर्शनास आला.

त्या दिवशीं मेर्स्क या डेन्मार्कच्या जहाज-कंपनीच्या संगणकांवर नॉटपेट्या नांवाच्या घातक प्रोग्रामाचा घाला पडला. युक्रेनमध्यें कराच्या हिशेबासाठीं वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामाच्या सुधारणेबरोबर तो पसरला होता. मुंबईजवळ न्हावा शेवा येथें त्या समूहाच्या टर्मिनलाचें कामहि त्यामुळें अडलें. पत्रकार अँडी ग्रीनबर्ग यांनीं २०१८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतांत त्यापुढील हकीकत आली आहे. कंपनीच्या नांवनिशीचे सुमारें १५० सर्व्हर जगभर होते. प्रत्येकजण इतरांची प्रत बाळगून होता, म्हणून एखादा गेला तर बाकीचे सांभाळतील, असा हिशेब होता. सारे एकदम जातील, ही गोष्ट त्या हिशेबांत धरलेली नव्हती. इतर कामांच्या राखीव प्रती सांपडल्या; ओळख पटविणारी वही मात्र सांपडेना, आणि तिच्यावांचून बाकी सारें निरुपयोगी होतें.

अखेर आफ्रिकेंतील घाना येथें एक सर्व्हर शाबूत निघाला. घाल्यापूर्वीं तेथील वीज गेली होती आणि त्यामुळें तो जाळ्यापासून तुटला होता! त्यावरील माहिती तारमार्गें इंग्लंडला पाठविण्यास कित्येक दिवस लागले असते आणि घानांतील कर्मचाऱ्यांपैकीं कोणाजवळ ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून एकजण ती घेऊन नायजेरियास गेला. तेथें ती दुसऱ्याच्या हातीं दिली गेली आणि त्यानें ती विमानानें इंग्लंडला पोंचविली. त्या एका प्रतीवरून कंपनीचा कारभार पुन्हां उभा राहिला. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर व ४५,००० संगणक नव्यानें सिद्ध करावे लागले, असें कंपनीच्या अध्यक्षांनीं जानेवारी २०१८ मध्यें सांगितलें. नुकसानीचा कंपनीचा स्वतःचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरांचा होता.

यावरून एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. प्रत निराळी आणि राखण निराळी. ज्या प्रती एकमेकींशीं सतत जोडलेल्या असतात, त्यांपैकीं एकींतील खाडाखोड साऱ्यांत उमटते. राखण ती, जी जाळ्यापासून तोडून ठेवलेली असते आणि जिच्यावरून वही पुन्हां उभी करून पाहण्याचा सराव झालेला असतो. तिलाहि मुदत आहे. खोडलेल्या नांवाची खूण ॲक्टिव्ह डिरेक्टरी बहुधा १८० दिवस जपते. त्याहून जुनी राखीव प्रत उपयोगाची नाहीं, नाहीं तर गेलेलीं नांवें पुन्हां उठून बसावयाचीं.

आतां पुष्कळ कंपन्यांची नांवनिशी इंटरनेटवरील परक्या सर्व्हरांत जाऊं लागली आहे. मायक्रोसॉफ्टच्या अशा सेवेला २०२३ पासून एन्ट्रा आयडी हें नांव मिळालें आहे. घर बदललें, तरी तेथेंहि नांवाआड एक न बदलणारी खूण असतेच, आणि ती जुळली नाहीं तर ओळखीचा माणूस परकाच ठरतो.

घाना येथील कचेरी त्या दिवशीं वांचली ती कोणाच्या दूरदृष्टीमुळें नव्हे, तर वीज गेल्यामुळें. दैवानें एकदां केलें तें काम माणसानें नियमानें करावयाचें, एवढेंच या वहीच्या रखवालदाराचें कर्तव्य आहे. तें त्यानें नीट केलें, तर कोणीहि त्याची आठवण काढीत नाहीं. सकाळीं दहा वाजतां कारकून येतो, नांव टाइप करतो आणि कामाला लागतो.