ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत

वाढत्या वयाबरोबर येणारे श्रवणदौर्बल्य सहसा आवाज एकदम नाहीसे करीत नाही, तर आधी शब्दांमधला फरक पुसत जाते; म्हणूनच अशा व्यक्तीची तक्रार ‘ऐकू येत नाही’ अशी नसून ‘ऐकू येते, पण काय बोलले ते कळत नाही’ अशी असते. या तक्रारीचे मूळ अंतर्कर्णात आहे. तेथील शंखाकृती नलिकेत, म्हणजे कॉक्लियात, सुमारे 15 हजार सूक्ष्म केशपेशी असतात आणि ध्वनीच्या कंपनांचे मेंदूला कळणाऱ्या विद्युत्-संदेशांत रूपांतर करण्याचे काम त्यांच्यामुळे घडते. उंच पट्टीचे ध्वनी टिपणाऱ्या पेशी नलिकेच्या तोंडाशी असून वय, गोंगाट आणि काही औषधे यांचा आघात प्रथम त्यांच्यावर होतो, आणि मानवी शरीरात या पेशी नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. बोलण्यातील स्वरांचा जोर खालच्या पट्टीत, तर ‘स’, ‘श’, ‘च’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांचा जोर वरच्या पट्टीत असल्यामुळे ‘चार’ आणि ‘फार’ किंवा ‘सात’ आणि ‘साठ’ यांतला भेद हरवतो. समोरच्याने ओरडल्याने स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजने मात्र अंधुकच राहतात. शिवाय दुबळ्या कानाला मोठा आवाज अनेकदा असह्य होतो.

ही स्थिती मुळीच विरळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार जगात 150 कोटींहून अधिक लोकांना कोणत्या ना कोणत्या प्रमाणात कमी ऐकू येते आणि त्यांपैकी सुमारे 43 कोटींना उपचार किंवा साहाय्याची गरज आहे. तरीही चष्मा सहज स्वीकारणारा माणूस कानाचे मशीन लावायला वर्षानुवर्षे तयार होत नाही, कारण ते वार्धक्याची जाहीर कबुली वाटते. मग न कळलेल्या विनोदावर इतरांबरोबर हसणे, फोन दुसऱ्याच्या हाती देणे, लग्नकार्यात एका कोपऱ्यात बसून राहणे सुरू होते. प्रत्यक्षात लोकांच्या लक्षात यंत्र येत नाही, असंबद्ध उत्तरे येतात.

संकोचाचे दुसरे नुकसान त्याहून गंभीर आहे: यंत्र घ्यायचे ठरल्यावरही निवड तोच करतो. दुकानात पहिली मागणी ‘दिसणार नाही असे द्या’ ही असते. कानाच्या पोकळीत पूर्ण दडणारे यंत्र काहींना खरोखर सोयीचे असते. परंतु त्याची बॅटरी चिमुकली असल्यामुळे थरथरत्या बोटांना ती बदलणे जड जाते, मळ आणि घाम यांमुळे ते लवकर बिघडते, तीव्र श्रवणऱ्हासाला त्याची शक्ती पुरत नाही, आणि समोरचा आवाज गोंगाटातून वेगळा काढणाऱ्या दोन मायक्रोफोनांना त्यात बहुधा जागा नसते. कानामागे बसणारे, बारीक तारेने ध्वनी आत पोहोचवणारे यंत्र आज इतके लहान झाले आहे की केसांआड ते क्वचितच दिसते. दोन्ही कान दुबळे असताना ‘एकच पुरे’ म्हणणेही तोट्याचे ठरते, कारण आवाजाची दिशा आणि गर्दीतले बोलणे मेंदू दोन्ही कानांच्या तुलनेतून ओळखतो.

निवडीचा खरा आधार श्रवणालेख, म्हणजे ऑडिओग्राम हा असतो. कोणत्या पट्टीचा ध्वनी किती डेसिबलपासून ऐकू येतो, हे त्यात नोंदवलेले असते. त्यापूर्वी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी आवश्यक आहे, कारण साचलेला मळ, पडद्याचे छिद्र किंवा मधल्या कानातील हाडाचा ताठरपणा यांवर वेगळे उपचार असतात. आणि एखाद्या कानाचे ऐकणे अचानक गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. यंत्र श्रवणालेखानुसार जुळवून देणे हे ऑडिओलॉजिस्टचे काम आहे. सगळेच आवाज सारखे मोठे करणारी स्वस्त उपकरणे ही जागा घेऊ शकत नाहीत. चष्मा लावताच अक्षरे स्पष्ट होतात, तसे येथे घडत नाही: दीर्घकाळ न ऐकलेले पंख्याचे आणि भांड्यांचे आवाज प्रथम त्रास देतात, मेंदूला त्यांची सवय होण्यास काही आठवडे लागतात, आणि त्या काळात दोन-तीनदा जुळणी बदलून घ्यावी लागते. पहिल्याच आठवड्यात कपाटात गेलेली असंख्य यंत्रे सदोष नसतात, अर्धवट जुळवलेली असतात. कोकणाच्या दमट हवेत रात्री यंत्र ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे.

खर्चाची अडचण खरी आहे. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना साहाय्यक उपकरणे मिळतात, आणि मुंबईत वांद्रे येथे 1983 पासून कार्यरत असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीची सोय आहे.

यंत्र लागल्यानंतरही घरच्यांची साथ लागतेच. त्यांनी समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड असताना, न ओरडता बोलावे. आणि पुन्हा विचारल्यावर ‘काही नाही, जाऊ दे’ असे न म्हणता तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे.