दुसरं कोकरू

लोणंदच्या मेंढीबाजारात गिऱ्हाईक कोकराच्या कमरेवर बोटं दाबून मांस चाचपतं, पुढच्या पायांखाली हात घालून उचलून बघतं आणि भाव सांगतं. लोकरीचं नाव कुणी काढत नाही. दख्खनी मेंढीची काळी, भरड लोकर एके काळी घोंगडीला हवी असायची. आज तिला विचारणारं फारसं कुणी उरलेलं नाही. धनगराच्या हातात पैसा येतो तो तीन-चार महिन्यांचं नर कोकरू विकून, आणि थोडाफार शेतात मेंढरं बसवून. पण दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते. जुळं क्वचित.

या एका आकड्यामागे फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था गेली अनेक वर्षं लागलेली आहे. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली स्थापन केलेली ही संस्था, लोकांच्या तोंडी 'नारी', बिनकाट्याच्या करडईसाठी शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पशुसंवर्धनाचं काम 1990 मध्ये सुरू झालं आणि ते प्रामुख्यानं चंदा निंबकर यांनी वाढवलं. (त्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांची नात. घरात धनगरांविषयीचं कुतूहल आधीपासून असणार, असं म्हणण्याचा मोह होतो. पण मेंढीच्या अनुवंशशास्त्रात त्यांनी ऑस्ट्रेलियात जाऊन पीएच.डी. केली, ते कुतूहलाच्या पलीकडचं आहे.)

एक कोकरू देणाऱ्या मेंढीकडून दोन कशी मिळवायची? खुराक वाढवून थोडा फरक पडतो, पण माळावर चरणाऱ्या कळपाला खुराक घालणार कोण आणि किती? निंबकरांनी उत्तर शोधलं ते थेट सुंदरबनात. तिथली गारोळ मेंढी दहा-बारा किलोंची, दलदलीत गुडघाभर पाण्यात उभी राहून चरणारी, आणि सर्रास जुळी-तिळी देणारी. नव्वदच्या दशकात हा बारका जीव फलटणच्या कोरड्या माळावर आला.

गारोळचा पूर्वेतिहास मोठा फिरस्ता आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या बुरुला नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या मरिनो मेंढ्या एका वेताला तीन-तीन, चार-चार कोकरं द्यायच्या. हा एकाच प्रभावी जनुकाचा खेळ असावा, असं पायपर आणि बिंडन या शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. त्याच सुमारास शास्त्रज्ञ हेलन न्यूटन टर्नर यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली. 1792-93 मध्ये कलकत्त्याहून जहाजानं गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून हा गुण बुरुलात उतरला असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढे गारोळच्या रक्तातही तेच जनुक सापडलं आणि तर्काला बळ मिळालं. दोनशे वर्षांपूर्वी बंगालमधून गेलेल्या वाणाचा हिशेब ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांनी मांडला, आणि तो फलटणच्या कामी आला.

या जनुकाचं नाव 'फेक-बी'. ते नेमकं कुठे आहे हे 2001 मध्ये तीन गटांनी स्वतंत्रपणे शोधलं. अंडाशयातल्या एका ग्राहक-प्रथिनाच्या डीएनए-मजकुरात एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन बसतं आणि अंडपुटिका लहान असतानाच पक्व होऊ लागतात. एरवी एक पुटिका मोठी होते आणि बाकीच्या मागे पडतात. इथे दोन-तीन एकदम तयार होतात. म्हणजे मेंढीचं शरीर जादा मेहनत घेत नाही, फक्त निवड सैल होते.

हा शोध लागेपर्यंत मेंढी वाहक आहे की नाही हे ठरवायला तिच्या वेतांची नोंद ठेवत वर्षं काढायची, किंवा दुर्बिणीनं अंडाशयावरच्या खुणा मोजायच्या. मेंढ्याची तर आणखी पंचाईत, कारण त्याच्या लेकी व्यायल्याशिवाय काही कळायचं नाही. आता रक्ताचे चार थेंब पुरतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं ही चाचणी हाती घेतली. त्यानंतर गारोळचा लहान सांगाडा मागे टाकून फक्त जनुक दख्खनी अंगात उतरवणं सोपं झालं. संकर केलेल्या प्रत्येक पिढीत वाहक तेवढे निवडायचे आणि पुन्हा मुख्यतः दख्खनीशी फळवायचे. यातून उभ्या राहिलेल्या मेंढ्यांना 'नारी सुवर्णा' नाव मिळालं.

इथे संस्थेनं दाखवलेला आवर मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेली मेंढी तिळी देऊ शकते. कागदावर ते झकास दिसतं, पण माळावर तिसऱ्या कोकराला थान कुठून येणार? दख्खनी मेंढीला थानं दोन, आणि उन्हाळ्यात दूध तेवढ्यापुरतंच. म्हणून धनगराच्या कळपात एकच प्रत असलेली मेंढी हवी, असं ठरलं. तिचं सरासरी वेत साधारण दीड कोकरांचं येतं. बऱ्याचदा जुळं, अधूनमधून एकटं. उत्पादन जास्तीत जास्त किती वाढेल हा प्रश्न संशोधकाला सुचतोच. किती पुरे, हे मेंढक्याच्या वाड्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

त्या वाड्यावर जुळ्यांचं काय होतं? व्यायल्यावर पहिल्या तासात दोघांनाही चीक मिळाला पाहिजे. अशक्त पिल्लाला बाई उचलून शेळीच्या थानाला लावते. कळपात चार शेळ्या ठेवायची रीत याच कामाची. दिवाळीनंतर कळप घाट उतरतात तेव्हा नुकती जन्मलेली पिल्लं घोड्यावरच्या सामानात बसून प्रवास करतात, आणि जुळी वाढली की घोड्यावरची गर्दीही वाढते. आंत्रविषार किंवा पीपीआर या रोगांची लस चुकली तर दुसरं कोकरू मिळवून काही उपयोग नाही. संशोधनाचा अर्धा भाग म्हणूनच लशीत, कानातल्या बिल्ल्यात आणि वेतांच्या वहीत आहे.

एक अडचण मात्र कायमची आहे. एक प्रत असलेली मेंढी साध्या मेंढ्याकडून फळली, तर तिच्या निम्म्या लेकींतच जनुक उतरतं. आणि मेंढका पुढच्या पिढीसाठी लेक निवडतो ती कळपातली सगळ्यात थोराड, चमकदार. अशी कोकरं बहुधा एकटी जन्मलेली असतात, कारण आईचं सगळं दूध त्यांना मिळालेलं असतं. म्हणजे चांगल्या नजरेचा मेंढका नकळत जुळी देणारं रक्तच बाजारात धाडतो. दख्खनी मेंढी पिढ्यान्‌पिढ्या एकटी विण्यामागे ही नजरही असावी, असा माझा अंदाज आहे. त्यामुळे दोन प्रतींचा, रक्त तपासलेला मेंढा कळपात सोडावा लागतो, म्हणजे त्याची प्रत्येक लेक वाहक निघते. आणि ठेवायची लेक जुळ्यातली असेल, तर तिच्या अंगकाठीकडे बघताना थोडं सबुरीनं घ्यावं लागतं.