नवरंग आणि एक जुने लुगडे

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना झाली की अमरावतीस श्रीअंबादेवी व श्रीएकवीरादेवी यांच्या दर्शनास लोटलेला स्त्रीसमुदाय प्रतिदिनी एकेका रंगात न्हालेला दिसतो. अकोल्यातही तेच दृश्य. षोडशोपचारांत वस्त्रास स्थान आहे. जगदंबेस आपण महावस्त्र नेसवितो. मग तिच्या लेकींनी नटावे, यात अनुचित ते काय?

मात्र हे नवरंग शास्त्रोक्त नव्हेत. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, गुरुवारी पिवळा, असा वाराशी जोडलेला हा क्रम वृत्तपत्रांनी चालू शतकात लोकप्रिय केला. ती हौस आहे, व्रत नव्हे. रंग चुकल्याने पुण्य उणे होत नाही.

नोकरी करणाऱ्या भगिनींची अडचण निराळी. पहाटे दर्शन, तेथून थेट कचेरी. राज्य शासनाच्या ८ डिसेंबर २०२० च्या परिपत्रकाने कर्मचाऱ्यांस पोशाख नेमून दिला, गडद रंगांचे व चित्रविचित्र नक्षीचे कपडे वर्ज्य ठरविले आणि शुक्रवारी खादी सुचविली. जीनवरील बंदी मार्च २०२१ मध्ये उठली. पण चित्रविचित्र कशास म्हणावे? पैठणीच्या पदरावर शोभणारा मोर कुडत्यावर उतरताच विचित्र कसा ठरतो? नियमातील शब्द सैल असला की निवाडा वरिष्ठांच्या रुचीवर जातो, आणि दृष्टी कामावरून वस्त्रावर वळते.

यावर उपाय साधा आहे. मोर, हत्ती, छत्र्या अशी गमतीची नक्षी हवी तर ती एकाच वस्त्रावर असावी, सोबतचे वस्त्र साधे असावे. दिवसाच्या रंगाची ओढणी पुरते. नऊ नव्या साड्या उधारीवर घेण्याचे कारण नाही. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. सुती वस्त्र देवळातही शोभते, कचेरीतही.

आता आमचाच एक प्रमाद सांगतो. एका नवरात्रात शुक्रवारी सारी सभा हिरवीगार पाहून, "आज आईचा मळा फुलला!" असे आम्ही कीर्तनात म्हणून गेलो. दुसऱ्या दिवसापासून खांबाशी बसणारी एक बाई दिसेना. ती एका कचेरीत झाडलोट करी. चौकशीअंती कळले, तिच्यापाशी दोनच लुगडी. कचेरीतील नवरंगी छायाचित्रातून तिला बाजूस सारले होते. देवळात आमच्या मुखातून तिने तेच ऐकले.

आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्या रात्री उत्तररंगास श्रीगाडगेबाबांचे चरित्र लावले. अंगावर चिंध्या, मस्तकी मडक्याचे खापर, हाती खराटा! आज अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. पण त्याच वेषात ते एखाद्या कचेरीच्या दाराशी आले, तर आत सोडतील काय? प्रश्न विचारताना आमचाच कंठ दाटला.

नवमीस ती माउली आली, त्याच जुन्या लुगड्यात. आरतीचे तबक आम्ही प्रथम तिच्या हाती दिले.

वाचकहो, यंदा अवश्य नटा. मात्र छायाचित्र काढण्यापूर्वी बाजूस कोण उभे राहिले आहे, तेवढे पाहा.