कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा

अकरावीपासून मी कॉम्प्युटरचं सगळं सामान सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधल्या, म्हणजे आपल्या सीटीसीतल्या, एकाच दुकानातून घेतो. २०१६ साली जीटीएक्स १०६० कार्डही तिथूनच आणलं.

२०२१ मध्ये नवे गेम अडखळायला लागले. साठवलेले पैसे घेऊन दुकानात गेलो, तर मायनिंगवाल्यांनी कार्डांचे भाव जवळपास दुप्पट करून ठेवलेले. तरी मी हट्टाला पेटलो होतो. दुकानदारच म्हणाला, "अभी मत लो भैया." गिऱ्हाइकाला परत पाठवणारा दुकानदार! घरी सांगितलं, तर बाबांना खरंच वाटेना.

२०२२ मध्ये भाव उतरले. सप्टेंबरात इथेरियमचं मायनिंगच थांबलं. पुढच्या वर्षी आरटीएक्स ४०६० मागितलं, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "एसएमपीएस किती वॅटचा?" मला सांगता येईना. पुन्हा घरी!

कॅबिनेट उघडलं. एसएमपीएस ५५० वॅटचा, कंपनी सांगते तेवढाच. जुनं कार्ड १२० वॅट खायचं, नवं ११५. जुन्याला सहा पिनांची केबल लागायची, नव्याला आठ. माझ्या केबलला सहा अधिक दोन होत्याच. पट्टीने जागा मोजली. कार्ड बसत होतं.

माझ्या मित्राने यातलं काहीच न बघता महागात कार्ड घेतलं होतं. गेम रंगात आला की त्याचं मशीन बंद पडायचं. शेवटी नवा एसएमपीएस घ्यावा लागला.

म्हणून सांगतो, दुकानात जाण्याआधी वॅट, पिना आणि लांबी कागदावर लिहून न्या. आणि "आत्ता घेऊ नको" म्हणणारा दुकानदार भेटला, तर त्याला सोडू नका.