धावपट्टी कोणासाठी? मालदीवच्या हवाई प्रवासाची गोष्ट

मालदीवचा मुख्य विमानतळ राजधानी मालेमध्ये नाही, तो शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. २०१८ साली सिनामाले पूल झाला, तोवर विमानातून उतरलेल्या प्रत्येकाला राजधानी गाठायला होडीतच बसावे लागे. या बेटावरची पहिली धावपट्टी १९६० मधली, पोलादी पत्र्यांची. पुढची पक्की धावपट्टी बांधायला मालदीवचे लोक स्वेच्छेने राबले आणि १९६६ मध्ये पंतप्रधान इब्राहिम नासिर यांच्या कारकिर्दीत ती खुली झाली. आज विमानतळाला असलेले ‘वेलाना’ हे नाव नासिरांच्याच घराण्याच्या घराचे आहे. पहिले रिसॉर्ट ‘कुरुंबा’ सुरू झाले १९७२ मध्ये, म्हणजे आधी धावपट्टी आणि मग पर्यटन असा हा क्रम आहे. जेमतेम पाच लाख वस्तीच्या या देशात २०२४ साली वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. आता तिथे ३,४०० मीटरची नवी धावपट्टी आहे आणि जुलै २०२५ मध्ये नवे टर्मिनलही सुरू झाले. हा इतिहास पाहून मालदीवमधले राजकारणी एक सोपा निष्कर्ष काढतात: एका धावपट्टीने देशाचे भाग्य पालटले, तर प्रत्येक प्रवाळद्वीपसमूहाला एक धावपट्टी द्यावी. हा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो.

कारण पर्यटन दूरवर पोहोचवले ते धावपट्टीची गरजच नसलेल्या विमानाने. सुमारे बाराशे बेटे उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पसरलेली, त्यातली बहुतेक इतकी चिमुकली की धावपट्टी आखली तर बेटच संपावे. सुरुवातीची रिसॉर्टे त्यामुळे मालेच्या आसपास, होडीच्या टप्प्यातच राहिली. १९९० च्या दशकापासून ‘ट्विन ऑटर’ जातीच्या सीप्लेनने हे चित्र बदलले. कॅनडात रानावनातल्या, तळ्याकाठच्या वस्त्यांसाठी घडवलेले हे दोन इंजिनांचे विमान. १९६५ मध्ये ते पहिल्यांदा उडाले. चाकांऐवजी तरंडे बसवले की त्याला उतरायला शांत लगून आणि टेकायला एक तरंगता धक्का पुरतो. पंधराएक प्रवासी, मर्यादित सामान आणि अनवाणी वैमानिक. ‘ट्रान्स मालदीवियन एअरवेज’कडे अशी साठाहून अधिक विमाने आहेत, सीप्लेनचा एवढा मोठा ताफा जगात दुसऱ्या कोणाकडे नाही. लोकांना यात हौस दिसते. मला दिसते ते जमिनीला जवळजवळ धक्का न लावणारे वाहन.

यावरचे आक्षेप खरे आहेत. सीप्लेन फक्त दिवसाउजेडी उडते. मुंबईहून मालेला थेट विमानाने तीन तासांच्या आत-बाहेर लागतात, पण दुपारी साडेतीन-चारनंतर पोहोचणाऱ्याला बहुधा रात्र मालेत किंवा शेजारच्या हुलहुमाले बेटावर काढावी लागते. दूरचे रिसॉर्ट घेणाऱ्याने हे आधीच पाहावे. माणशी इंधनही बरेच जळते. सर्वांत वजनदार आक्षेप तिकिटाचा आहे. जाऊन-येऊन शेकडो डॉलर मोजणे पाहुण्याला जमते. आजारी आईला मालेच्या रुग्णालयात नेणाऱ्या बेटवासीयाने काय करावे? त्याला धावपट्टी नाकारणारे आपण कोण?

हा प्रश्न टाळता येत नाही, आणि म्हणूनच कुळहुधुफुशीचे उदाहरण नीट पाहिले पाहिजे. उत्तरेकडच्या या बेटावरची खारफुटीची पाणथळ २०१७ पासून भराव घालून बुजवली गेली आणि २०१९ मध्ये तिथे विमानतळ सुरू झाला. त्या पाणथळीत नारळाची सोडणे कुजवून बायका काथ्या वळत. कोकणातल्या वाचकाला हे काम वेगळे समजावून सांगायला नको. त्यांचे उत्पन्न गेले. पावसाचे पाणी सामावून घेणारी जागाही गेली. शेजारच्या हनिमाधूला मात्र १९९० पासूनच विमानतळ होता, आणि भारताच्या कर्जातून त्याचाच मोठा विस्तार पुढे झाला. दोन बेटांमध्ये वेगवान बोट चांगली चालवली असती तर एका धावपट्टीवर दोघांचे भागले असते. हे नुसते बोलणे नाही. २०२२ च्या अखेरीस उत्तरेकडच्याच प्रवाळद्वीपसमूहांमध्ये सरकारी कंपनीने बेटाबेटांना जोडणाऱ्या वेगवान फेऱ्या सुरू केल्या. रोज शाळेला, बाजाराला, दवाखान्यात जाणाऱ्याला विमानापेक्षा ही बोट कितीतरी अधिक उपयोगी आहे.

दक्षिण टोकाच्या गानसारख्या दूरच्या बेटाला धावपट्टी हवीच. ब्रिटिशांनी ती दुसऱ्या महायुद्धात स्वतःच्या नौदलासाठी बांधली, पण आज मालेपासून पाचशेहून अधिक किलोमीटरवर राहणाऱ्यांना तिचा खरा आधार आहे. अंतर बोटीच्या आवाक्याबाहेरचे, जमीन पुरेशी आणि लोकवस्ती मोठी, अशा ठिकाणी खर्च सार्थकी लागतो. निवडणुकीत दिलेल्या शब्दाखातर ओळीने विमानतळ उभारणे ही दुसरीच गोष्ट. समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच उंच असलेल्या देशात प्रवाळ आणि खारफुटी हीच लाटांपुढची भिंत असते. पाहुण्यांना सीप्लेन, रहिवाशांना बोटी आणि मोजक्या, खरोखर दूरच्या बेटांना धावपट्ट्या, ही वाटणी मालदीवला झेपेल. कुळहुधुफुशीसारखा आणखी एक विमानतळ झेपणार नाही.