पुण्यातील दुर्गभ्रमंती व गिर्यारोहणाचे वृत्तमाध्यमांतील चित्रण

पुण्यातील दुर्गभ्रमंती व गिर्यारोहणाचे वृत्तमाध्यमांतील चित्रण म्हणजे पुणे शहर व परिसरातील डोंगरवाटा, किल्ले आणि कडे यांवर चालणाऱ्या हौशी भटकंतीविषयी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या व अंकीय माध्यमे ज्या प्रकारे बातमी देतात ती पद्धत. हा छंद पुण्यात फार जुना आहे, तरीही बातमीत तो मुख्यतः दोनच प्रसंगी दिसतो: कोणी शिखर गाठले तेव्हा आणि कोणी दरीत कोसळले तेव्हा. या दोन टोकांमधील नित्याची, निर्धोक भटकंती बातमीत क्वचितच येते. पक्षिनिरीक्षण, हौशी आकाशदर्शन, जिओकॅशिंग यांसारख्या मोजक्या लोकांच्या मैदानी छंदांबाबतही थोड्याफार फरकाने हेच घडते.

== पार्श्वभूमी ==

पुणे शहर सह्याद्रीच्या पायथ्यालगत वसलेले आहे. सिंहगड शहरापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. राजगड, तोरणा, पुरंदर हे किल्ले एका दिवसात पाहून परतता येतात, तर लोहगडासाठी पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरून चालत जाता येते. या भूगोलामुळे डोंगर चढणे हा येथे विशिष्ट वर्गाचा खेळ न राहता रविवारचा सर्वसाधारण परिपाठ झाला. गो. नी. दांडेकर (१९१६-१९९८) यांच्या लेखनाने या भटकंतीला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. प्र. के. घाणेकर, आनंद पाळंदे आदींच्या पुस्तकांनी तिला वाटांची, पाण्याच्या टाक्यांची व अवशेषांची नेमकी माहिती पुरवली. त्यामुळे मराठी वाचकाला किल्ल्यांची ओळख बातमीच्या आधी पुस्तकांतून झालेली असते. गिर्यारोहणाच्या वार्तांकनाची तुलना करताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते.

नियतकालिकांनीही ही परंपरा काही काळ चालवली. ‘लोकसत्ता’ची ‘ट्रेक इट’ ही पुरवणी व मिलिंद गुणाजी यांचा ‘भटकंती’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम ही त्याची परिचित उदाहरणे होत. मात्र पुरवणी आणि बातमी ही एकाच वृत्तपत्राची दोन स्वतंत्र घरे असतात. पुरवणीचा लेखक बहुधा स्वतः डोंगरात जाणारा असतो, तर बातमी लिहिणारा वार्ताहर बहुधा पोलीस ठाण्यावरून आलेला असतो.

== अपघाताची बातमी ==

डोंगरातील अपघाताची पहिली बातमी साधारणतः तालुक्याच्या वार्ताहराकडून येते. लोणावळा, वेल्हे, जुन्नर, मुळशी येथील वार्ताहर पोलीस ठाणे, रुग्णालय व स्थानिक ग्रामस्थ यांच्याकडून माहिती घेतो. पोलिसांच्या नोंदीत मृताचे नाव, वय, पत्ता, वेळ व ठिकाण असते. दोर कोणत्या आधाराला बांधला होता, चमूत अनुभवी माणूस होता की नाही, वाट कोणत्या ऋतूत कशी असते, या प्रश्नांना तेथे रकानाच नसतो. साहजिकच बातमीतही ते उतरत नाहीत. उरलेली जागा ‘थरार’, ‘जिवावर बेतले’, ‘अतिउत्साह नडला’ अशा तयार शब्दसमूहांनी भरली जाते. अशा शब्दांनी कारण सांगितल्याचा आभास होतो, पण प्रत्यक्षात ते फक्त दोष देतात.

संज्ञापनशास्त्रात या प्रक्रियेला चौकटीकरण म्हणतात. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७४ मध्ये चौकटीची कल्पना मांडली आणि रॉबर्ट एन्टमन यांनी १९९३ मध्ये ती वृत्तांकनाला लागू करून दाखवली. वास्तवाचा एक भाग निवडून ठळक करणे आणि त्याद्वारे समस्या कोणती, तिचे कारण काय व उपाय कोणता हे सुचवणे, असा त्याचा आशय आहे. त्याआधी १९६५ मध्ये योहान गाल्टुंग व मारी रूगे यांनी कोणती घटना बातमी होते याची सूत्रे मांडली होती. अनपेक्षितता, नकारात्मकता, व्यक्तीभोवती गुंफता येण्याजोगी कथा ही त्यांतील काही. डोंगरातील अपघात या सर्वांत चपखल बसतो, तर हजारो लोक सुखरूप उतरून आले ही घटना एकातही बसत नाही.

सर्वाधिक गोंधळ संज्ञांचा आहे. ‘पर्यटक’, ‘ट्रेकर’, ‘दुर्गप्रेमी’ व ‘गिर्यारोहक’ हे चार शब्द बातमीत एकमेकांच्या जागी वापरले जातात. वस्तुतः धबधब्याखाली भिजायला आलेले कुटुंब, मळलेल्या वाटेने किल्ला चढणारा गट आणि दोर लावून कडा चढणारे प्रस्तरारोहक यांचे कौशल्य, साधने व धोके सर्वस्वी भिन्न असतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यातील भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काठावरील लोकांनी केलेले चित्रीकरण देशभरातील वाहिन्यांवर दिसले. त्याच पावसाळ्यात रायगड जिल्ह्यातील कुंभे धबधब्याजवळ समाजमाध्यमांसाठी चित्रीकरण करताना एका तरुणीचा दरीत पडून मृत्यू झाला. १५ जून २०२५ रोजी तळेगाव दाभाडेजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा बळी गेला. या तिन्ही घटना ‘पावसाळी पर्यटन’ या एकाच शीर्षकाखाली चर्चिल्या गेल्या. पहिलीत पाण्याचा अचानक वाढलेला लोंढा, दुसरीत निसरडी कड, तर तिसरीत जीर्ण पूल व त्यावरील गर्दी हा प्रश्न होता. कारणे एकत्र मिसळली की उत्तरदायित्वही विरघळते. पुलाच्या प्रकरणात ते विशेष जाणवते, कारण पुलाची देखभाल हे पर्यटकाच्या हाती असलेले काम नव्हे.

ऑगस्ट २०२५ मध्ये सिंहगडावर मित्रांसह आलेला एक तरुण तानाजी कड्याच्या परिसरातून बेपत्ता झाला आणि काही दिवसांच्या शोधानंतर जिवंत सापडला. मधल्या काळात तो घसरला की स्वतःहून निघून गेला याविषयी माध्यमांत तर्कवितर्क चालले. शोधकार्य कसे चालते, दाट झाडीच्या उतारावर माणूस हाकेच्या अंतरावर असूनही का दिसत नाही, हा विषय मात्र त्या तर्कांमागे पडला.

== यशाची बातमी ==

दुसरे टोक शिखराचे आहे. मे १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण यांनी एव्हरेस्ट सर केले. हृषीकेश यादव त्या मोहिमेचे नेते होते. १९ मे २०१२ रोजी उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील ‘गिरिप्रेमी’ या पुण्याच्या संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी एव्हरेस्टचा माथा गाठला आणि २०१९ मध्ये त्याच संस्थेच्या दहा जणांनी कांचनजुंगा सर केले. या मोहिमांना मराठी वृत्तपत्रांनी ठळक प्रसिद्धी दिली. निधी गोळा करण्यापासून परतीच्या मिरवणुकीपर्यंत वाचक त्यांत गुंतला. अशा मोहिमा बहुतांशी लोकवर्गणी व प्रायोजकत्वावर चालत असल्याने प्रसिद्धी ही त्यांची गरजही असते, त्यामुळे स्तुती आणि वार्तांकन यांतील सीमारेषा पुसट होते.

या पुसटपणाची किंमत २०१६ मध्ये दिसली. पुणे पोलीस दलातील एका दांपत्याने २३ मे २०१६ रोजी एव्हरेस्ट सर केल्याचे जाहीर केले. जोडीने शिखर गाठणारे पोलीस ही कथा माध्यमांनी कौतुकाने उचलली. नेपाळ सरकारचे प्रमाणपत्रही मिळाले होते. संशय प्रथम व्यक्त केला तो पुण्यातील व बाहेरच्या गिर्यारोहकांनी. छायाचित्रांतील पोशाख व बूट यांतील विसंगती आणि दुसऱ्या भारतीय गिर्यारोहकाच्या छायाचित्रांशी असलेले साम्य त्यांच्या नजरेत भरले. चौकशीअंती ऑगस्ट २०१६ मध्ये नेपाळने दोघांवर दहा वर्षांची गिर्यारोहणबंदी घातली आणि २०१७ मध्ये पुणे पोलिसांनी त्यांना सेवेतून बडतर्फ केले.

या प्रकरणात विषयाच्या जाणकारांना सहज दिसलेली विसंगती वृत्तकक्षाला दिसली नव्हती. क्रिकेटच्या बातमीत धावफलक चुकला तर वाचकच दुसऱ्या दिवशी कळवतो. आठ हजार मीटरवरील दाव्याची पडताळणी करू शकणारे वाचक थोडे असतात, आणि तशी पडताळणी करू शकणारा बातमीदार तर त्याहूनही दुर्मीळ. पुढे खुलासा, चौकशी व बडतर्फी यांनाही भरपूर जागा मिळाली, हे नमूद करावयास हवे. चूक दुरुस्त झाली, पण ती दुरुस्त करण्याचा आरंभ वृत्तकक्षाबाहेर झाला.

== जिओकॅशिंग व संशयाची चौकट ==

लपवलेला डबा उपग्रहाधारित स्थाननिश्चितीच्या साहाय्याने शोधण्याचा जिओकॅशिंग हा छंद मे २००० मध्ये अमेरिकेतील ओरेगन राज्यात सुरू झाला. नागरी जीपीएस संकेतांमध्ये हेतुतः ठेवली जाणारी अचूकतेची त्रुटी अमेरिकी सरकारने त्या महिन्याच्या प्रारंभी काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी पहिला डबा ठेवला. डब्यात नोंदवही असते. शोधणारा आपली नोंद करून डबा पूर्ववत ठेवतो. परदेशी माध्यमांत हा छंद एरवी कौटुंबिक करमणूक म्हणून येतो, पण कधी कधी बाँबच्या अफवेसह येतो. २०११ मध्ये इंग्लंडमधील वेदरबी येथे असाच एक डबा संशयास्पद वस्तू समजून बाँबनाशक पथकाला पाचारण करण्यात आले होते.

पुण्यात या संशयाला वेगळे वजन आहे. १३ फेब्रुवारी २०१० रोजी कोरेगाव पार्कमधील जर्मन बेकरीत ठेवलेल्या बॅगेचा स्फोट होऊन १७ जण मृत्युमुखी पडले. १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर कमी तीव्रतेचे स्फोट झाले. त्यानंतर ‘बेवारस वस्तू’ हा शब्द शहराच्या बातम्यांत रुळला. झुडपात डबा ठेवणारी किंवा पुलाच्या कठड्याखाली हात घालणारी व्यक्ती अशा शहरात प्रथम संशयित ठरते, छांदिष्ट नंतर. येथे माध्यमांना सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल, कारण बेवारस वस्तूची खबर देण्याचे आवाहन पोलिसांचेच असते. छंद अनोळखी असेल तर बातमीदार जवळची ओळखीची चौकट उचलतो, इतकेच.

== प्रशासन व बचावकार्यावरील परिणाम ==

बातमीच्या चौकटीचा परिणाम धोरणावर होतो. २०२४ च्या पावसाळ्यातील घटनांनंतर पुणे जिल्हा प्रशासनाने धरणे, धबधबे व गडकिल्ल्यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश लागू केले. धबधब्याखाली जाणे, धोक्याच्या जागी छायाचित्रे व चित्रफिती काढणे आदी गोष्टींना त्यांत मनाई होती. त्याआधी २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षण व सुरक्षा साधने यांवर भर दिला होता. बंदीची बातमी एका ओळीत सांगता येते, नोंदणीच्या तपशिलाला मात्र परिच्छेद लागतो. पहिली वाचकापर्यंत पोचते, दुसरी क्वचित.

बचावकार्याचे श्रेयही असेच विभागले जाते. लोणावळ्याची ‘शिवदुर्ग मित्र’सारखी पथके व राज्यभरातील पथकांत समन्वय साधणारे ‘महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर’ यांतील मनुष्यबळ प्रामुख्याने त्याच हौशी गिर्यारोहकांचे असते. मध्यरात्री दोर घेऊन दरीत उतरणारे हे स्वयंसेवक बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘स्थानिकांच्या मदतीने’ या शब्दांत सामावले जातात. ११ जुलै २०२५ रोजी मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड व राजगड हे तीन पुणे जिल्ह्यात आहेत. या किल्ल्यांवर वर्षानुवर्षे टाकी साफ करणाऱ्या, पायऱ्यांवरील झुडपे काढणाऱ्या संवर्धन गटांना त्या दिवसांत काही ठिकाणी पहिल्या पानावर जागा मिळाली.