हवेवर वाढणारा चारा

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हे, झाडही नव्हे. ते शैवाक. कवक आणि शैवल या दोन निराळ्या जिवांचा तो एकत्र संसार असतो. शैवल उन्हात अन्न तयार करते, कवक त्याला आसरा देते. सायमन श्वेन्डेनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात हे प्रथम मांडले, तेव्हा भल्याभल्या पंडितांनी त्याची टर उडवली!

असेच एक शैवाक नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, रशिया, कॅनडा येथील सूचिपर्णी अरण्यांत जमिनीवर गालिच्यासारखे पसरते. नाव क्लॅडोनिया रँजिफेरिना. राखी रंगाच्या पोकळ काड्या, त्यांना फांद्या, फांद्यांना पुन्हा फांद्या. उंची फार तर बोटभर. १७३२ साली लॅपलंड फिरून आलेल्या लिनियसने १७५३ च्या आपल्या ग्रंथात त्याला रेनडिअरवरूनच नाव दिले. कारण हिवाळ्यात हाच रेनडिअरचा मुख्य चारा. बर्फाखालचा हा चारा तो वासाने हुडकतो आणि खुरांनी उकरून खातो.

आमच्या घरी शेळ्या आहेत. बांधावरचे गवत खाल्ले तरी पावसाळ्यात पुन्हा उगवते. हे शैवाक मात्र वर्षाकाठी जोंधळ्याच्या दाण्याएवढे, म्हणजे तीन ते पाच मिलिमीटर वाढते. चरलेले रान भरून यायला दशके लागतात. म्हणून तिकडचे सामी पशुपालक कळप हलवत राहतात. रान राखणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको.

या शैवाकाला मुळे नसतात. पाऊस, धूळ, हवा यांतून जे येईल ते ते शोषून घेते. निवड करत नाही. २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टी फुटली. हजाराहून अधिक किलोमीटर दूर स्वीडन-नॉर्वेत पावसाबरोबर किरणोत्सारी सीझियम उतरले. ते शैवाकात मुरले, तेथून रेनडिअरच्या मांसात गेले. त्या विजेवर ज्यांच्या घरी एक दिवाही लागला नव्हता, त्यांचे कापलेले कळप फेकून द्यावे लागले.

१९८७ मध्ये स्वीडनने या मांसाची मर्यादा किलोला ३०० बेकरेलवरून १५०० वर नेली. लोक हे मांस क्वचितच खातात, असा त्यामागचा हिशेब. पण सामींच्या ताटात ते नेहमीचेच! सीझियम निम्मे व्हायला तीस वर्षे लागतात. जनावराच्या अंगातून मात्र ते काही आठवड्यांत बरेच उतरते. म्हणून त्यानंतर कित्येक वर्षे, कापण्यापूर्वी रेनडिअरला कुंपणात कोंडून विकतचा चारा घालावा लागला. पलीकडे रान शैवाकाने भरलेले असतानाही.